कार्डावरची पहिली ओळ

"हा तुमचा, उपाध्ये. प्लॉट नंबर सतरा." चौगुलेसरांनी माझा दंड धरून मला फक्कीनं आखलेल्या चौकोनाच्या मधोमध उभं केलं. "कोपऱ्याचा आहे. दोन बाजूंनी रस्ता. जरा उभं राहून बघा, कसं वाटतंय ते."

मी उभा राहिलो. कसं वाटायला हवं ते मला कळेना. मार्चचं ऊन होतं. रानातला हरभरा नुकताच निघाला होता आणि त्याची खुंटं चपलेच्या पट्ट्यातून पायाला टोचत होती. दोन बाजूंचे रस्ते म्हणजे फक्कीच्या आणखी चार रेघा. मिरजेचं शेवटचं घर मागं तीनएक किलोमीटरवर राहिलं होतं.

"छान वाटतंय," मी म्हणालो. आयुष्यात बहुतेक ठिकाणी मी हेच म्हणत आलो होतो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी मिरजेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि मे अखेरीला निवृत्त होणार होतो. चौगुलेसर अर्थशास्त्र शिकवत. त्यांच्या ओळखीच्या एकानं ते रान घेऊन प्लॉट पाडले होते, आणि त्या रविवारी सरांनी स्टाफमधल्या आम्हा सहा जणांना जीपमध्ये घालून ते दाखवायला आणलं होतं. सातवी माझी मुलगी राजमती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी पायात चपला घालत होतो, तेव्हा ती "मी पण येते, अण्णा" म्हणाली आणि जीपच्या मागच्या फळकुटावर येऊन बसली.

आता ती रानात उभी राहून डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं बघत होती.

"मामा, इथून बस किती लांब?" तिनं विचारलं.

चौगुलेसर हसले. "बस? अगं, दहा वर्षांत गावच इथं चालत येईल. बस कशाला पाहिजे?"

"पाणी?"

"बोअर मारायचं."

"लाईट?"

"अर्ज दिलाय की."

"मग दहा वर्षं इथं काय करायचं?"

"काही नाही करायचं! तीच तर गंमत आहे जमिनीची." सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपण हातावर हात ठेवून घरी बसायचं. ती आपली आपण वाढते."

सगळे हसले. मीही हसलो.

"चौदा महिने मी तेच करतेय, मामा," राजमती म्हणाली. "माझ्यात तर काही वाढ दिसली नाही."

हसणं एकदम थांबलं. सायन्सचे कुलकर्णी उगाच खाली वाकून मातीचं ढेकूळ चाचपायला लागले. चौगुलेसरांनी मला जरा बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "तिला अजून सांगितलं नाहीत ना? बरं केलंत. बुधवारी इसार देऊन टाका. पुढचं मी बघतो."

मी मान हलवली.

*

राजमतीला जयसिंगपूरला दिली होती. चौगुलेसर नवऱ्याचे, धनपालचे, सख्खे मामा. स्थळ त्यांनीच आणलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर एका दुपारी ती एक पिशवी घेऊन दारात आली आणि "अण्णा, मी आले" एवढंच म्हणाली. तिची आई असती तर तिनं विचारलं असतं. ती त्याआधीच गेली होती. मी विचारलं नाही. मी पाणी दिलं, मग चहा ठेवला, आणि मग कुठलं तरी पुस्तक शोधायचं निमित्त करून माडीवर गेलो. त्या दिवशी नाही विचारलं म्हणून दुसऱ्या दिवशी विचारणं अवघड झालं, आणि महिन्यानं तर अशक्यच. कुणी चौकशी केली की मी सांगायचो, "माहेरपणाला आलीय." चौदा महिन्यांचं माहेरपण. ऐकणारे भले होते, मान डोलवायचे.

चौगुलेसरांचं म्हणणं सरळ होतं. भांडणाचं मूळ सासूत आहे. पोरांचं घर वेगळं झालं की सगळं निवळतं. तुम्ही फंडाच्या पैशातून सतरा नंबर घ्या, दोघांच्या नावानं करा. धनपाल वर्षभरात वर चार खोल्या बांधेल आणि तिला घेऊन जाईल. जमिनीचा भाव वाढेल तो वेगळाच. ते वाईट हेतूनं सांगत नव्हते. आजही मला तसं वाटत नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला वाटतं की एका गुंतवणुकीत दोन कामं झाली तर उत्तमच.

मी होकार दिला होता. आणि होकार दिल्यावर एक चूक केली, जी माझ्यासारखाच माणूस करू शकतो.

आमच्या ग्रंथालयात पुस्तक विकत घ्यायचं तर एक मागणीकार्ड भरावं लागे. ते मीच तयार केलं होतं. पहिली ओळ, 'कोणासाठी'. दुसरी, 'कशासाठी'. मग किती दिवसांसाठी, ठेवायचं कुठं, आणि खाली वाचणाऱ्याची सही. पहिली ओळ मोकळी असेल तर कार्ड मी परत पाठवायचो. माझ्या साऱ्या नोकरीत मी ठामपणे केलेली ही एकच गोष्ट. चौगुलेसरांची कितीतरी कार्डं मी अशी परत पाठवली होती. ते चिडायचे, "अहो, पुस्तक चांगलं आहे, पुरे की!" मी म्हणायचो, "चांगलं कुणाला, सर?" कार्ड हातात असलं की मला बोलायला जमायचं.

तर त्या सवयीनं प्लॉटचंही कार्ड मी भरलं होतं. कुणाला दाखवायला नव्हे. मला लिहिल्याशिवाय काही ठरवल्यासारखं वाटत नाही. भरलं, आणि हातातल्या पुस्तकात खुणेला घालून ठेवलं. ते पुस्तक राजमतीनं वाचायला घेतलं.

रानातून आलो त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आम्हा जैनांत सूर्यास्ताच्या आत जेवण उरकतात, त्यामुळं खिडकीतून अजून ऊन येत होतं. तिनं भाकरी वाढली, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ते कार्ड माझ्यासमोर उभं केलं.

"अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर माझंच होतं. 'कोणासाठी: चि. धनपाल व सौ. राजमती. कशासाठी: संसार मार्गी लागावा म्हणून. किती दिवसांसाठी: कायम.'

घास तोंडात तसाच राहिला.

"खाली सही कुठाय?" ती म्हणाली.

"कसली सही?"

"वाचणाऱ्याची. पुस्तक मागवताना घेता ना तुम्ही? एवढं शंभर रुपयांचं पुस्तक, तर त्याला सही लागते. आणि माझं कायमचं करून टाकलंत, ते बिनसहीचं?"

"राजी, मला वाटलं..."

"मला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ती रागावून बोलत नव्हती, हेच मला सहन होईना. आरडाओरडा झाला असता तर मी माडीवर तरी गेलो असतो.

"अण्णा, तुमच्या आयुष्यभराच्या फंडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी नाही मागत. पण माझं नाव घालून करणार असाल, तर कार्ड नवीन भरू. मी सांगते, तुम्ही लिहा."

ताटं बाजूला सारली. मी कपाटातून कोरं कार्ड आणलं, चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं. "कोणासाठी?" मी सवयीनं विचारलं.

"ती ओळ मोकळी ठेवा."

"पहिली ओळ मोकळी ठेवून कसं..."

"ती तुमची. तुम्हाला जमेल तेव्हा लिहा. खालचं घ्या." तिनं पदराला हात पुसले. तिचा विचार झालेला होता, हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. चौदा महिने ती नुसती बसलेली नव्हती. "जे काय घ्यायचं त्यातून पहिल्या महिन्यापासून चार पैसे यायला पाहिजेत. दहा वर्षांनी भाव किती होईल ते मला नको. दहा वर्षांनी होईल ते होईल."

मी लिहिलं.

"इथून चालत जाता यावं. मला एकटीला. सोबत कोण आहे का, म्हणून कुणाची वाट बघायला लागू नये. पाणी आपलं स्वतःचं. शेजारच्याला विचारून नळ सोडायचा, असलं नको. खोली एकापेक्षा जास्त. एक रिकामी पडली तरी दुसरी चालू राहील. लिहिलंत? कागद एकाच नावावर. माझ्या."

"हो."

"आणि वेळ पडली तर त्यातल्या एका खोलीत मी राहीन. तशी पाहिजे."

"म्हणजे हवेशीर?"

"हवेशीर असली तर चांगलंच," ती म्हणाली. "त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी नको."

मी 'त्या खोलीच्या दाराला' एवढं लिहिलं आणि सांगणार होतो की बाहेरून कडी नसेल तर बाहेर जाताना कुलूप कुठं घालणार. खरंच, अगदी ओठावर आलं होतं. मग मी वर बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. उजव्या हाताची बोटं तिनं डाव्या मनगटाभोवती घट्ट धरली होती.

जे मी चौदा महिने विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर असं आलं.

"लिहा, अण्णा," ती म्हणाली.

मी लिहिलं. त्या ओळीचं अक्षर वाकडं आहे.

*

बुधवारी मी चौगुलेसरांकडं 'नाही' म्हणून सांगायला गेलो आणि पंधरा दिवसांची मुदत मागून परत आलो. याची मला आजही लाज वाटते. राजमती "पंधरा दिवस तर पंधरा दिवस," म्हणाली आणि पायात चपला घातल्या.

त्या पंधरा दिवसांत आम्ही मिरज पालथी घातली. रोज जेवण झालं की उजेड असेतो हिंडायचो. मी कार्ड घेऊन, ती पुढं. स्टेशनजवळ एक गाळा होता, झकास, भाडं सुरू असलेला. पण एकच शटर. ती म्हणाली, "एकच आहे. हा गेला की उपास." एक जुनं घर स्वस्तात मिळत होतं, तीन भावांच्या सहीनं, चौथा भाऊ हुबळीला. "चौथ्याला शोधायला हुबळीला कोण जाणार?" एका नव्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट होते, रंगाचा वास येत होता, मला फार आवडले. तिनं नळ सोडला. नळानं नुसती फुसफुस केली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "ताई, टँकर येतो की." ती जिना उतरायलाही लागली होती.

मला प्रत्येक ठिकाणी वाटायचं, घेऊन टाकावं. समोरचा माणूस चहा पाजायचा, आणि चहा प्यायल्यावर नाही म्हणणं मला जड जायचं. ती चहाच प्यायची नाही. तिसऱ्या चौथ्या घरानंतर मी कार्डाच्या पाठीवर नापसंतीची कारणं लिहायला लागलो, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी तिला बघत होतो. इतकी वर्षं ती माझ्यासमोर ताट ठेवत होती, कपडे वाळत घालत होती, आणि मी तिला अशी बघितलीच नव्हती. अनोळखी माणसासमोर ताठ उभी राहून 'सातबारा दाखवा', 'मोजणी झालीय का' असं विचारणारी. हे तिनं कुठं वाचलं? माझ्याच ग्रंथालयातली पुस्तकं मी तिला घरी आणून देत होतो. कायद्याची दोन जुनी पुस्तकं तिनं मागितली होती, तेव्हा मला वाटलं होतं, वेळ जात नसेल.

चौदाव्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या मागच्या गल्लीत गेलो. मिरजेला दूरदूरहून पेशंट येतात, कर्नाटकातून तर फारच. पेशंट आत, आणि त्याचे नातेवाईक आठ-आठ दिवस बाहेर, झाडाखाली स्टोव्ह पेटवून. त्या गल्लीत गनीभाईंच्या चार खोल्या होत्या. एका ओळीत, पुढं पडवी, मागं आड. गनीभाई तंबोरे करायचे. आता मुलाकडं साताऱ्याला जायचं म्हणून जागा विकायला काढली होती.

दार उघडलं आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थांबलो. खोलीभर भोपळे होते. जमिनीवर, फळ्यांवर, छताला टांगलेले, वाळून पिवळे झालेले मोठमोठाले भोपळे.

"या मास्तर, या. पाय जपून," गनीभाई म्हणाले. सत्तरीचा माणूस, कानामागं पेन्सिल. "चार खोल्या आहेत. दोनात भोपळे, एकात मी, एकात लाकूड."

राजमती सरळ मागं आडाकडं गेली. पोहरा सोडला, पाणी वर काढलं, ओंजळीत घेऊन चाखलं. मग प्रत्येक खोलीत जाऊन खिडकी उघडून बघितली. मी कार्ड काढून एकेक ओळीपुढं खूण करत होतो. चालत अकरा मिनिटं. पाणी आहे. खोल्या चार. मालक एकटा. दवाखान्याच्या नातेवाइकांना खोल्या दिल्या तर पहिल्या महिन्यापासून चार पैसे. माझं पेन घामानं सरकायला लागलं.

"हे काय बघताय एवढं?" गनीभाईंनी विचारलं.

मी ओशाळून कार्ड दाखवलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं आणि त्यांना फार आनंद झाला.

"अरे वा! मी बी असंच करतो." त्यांनी खालचा एक भोपळा उचलून त्यावर बोटानं टकटक केलं. "शंभर भोपळे येतात. दहा घेतो. पण निवडायच्या आधी काय ठरतं, सांगा? गाणार कोण ते. बाईचा तंबोरा निराळा, बाप्याचा निराळा. गाणारा ठरल्याबिगर कुठला भोपळा चांगला नाही आणि कुठला वाईट नाही." मग त्यांनी कार्ड परत देताना पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही मोकळी का हो, मास्तर? घेणार कोण? तुम्ही?"

मी काही बोलणार, तोच बाहेर स्कूटर थांबली. चौगुलेसर. कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता काढून आले होते.

"इथं काय करताय तुम्ही? तिकडं मी तुमच्यासाठी सतरा नंबर धरून ठेवलाय!" त्यांनी नाकाला रुमाल लावून खोलीत डोकावलं. "भोपळे! उपाध्ये, फंडाचे पैसे घेऊन भोपळ्यांच्या कोठीत? चला. चांगली बातमी आहे. धनपालला मी तयार केलाय. रविवारी तो स्वतः येतोय, प्लॉट बघायला आणि राजमतीला न्यायला."

राजमती पडवीत उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. ती बोलली असती तर प्रश्नच नव्हता. तिला बोलता येत होतं, मला या दिवसांत ते पुरतं कळलं होतं. पण ती गप्प राहिली, आणि मला कळलं की ही ओळ माझी आहे.

"मास्तर, सांगा की," गनीभाई म्हणाले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "मी जागा माणूस बघून देणार आहे. पाच जणांना नाही म्हणून बसलोय. घेताय कुणासाठी?"

मी कार्डाकडं बघितलं. कार्ड हातात असलं की मला बोलायला जमतं, असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी कार्डावरची नेमकी तीच ओळ मोकळी होती.

"माझ्या मुलीसाठी," मी म्हणालो. आवाज फार बारीक आला. मी घसा साफ केला. "ही माझी मुलगी, राजमती. ती माहेरपणाला आलेली नाही. तिनं नवऱ्याचं घर सोडलंय. ती परत जाणार नाही. या खोल्या तिच्या नावानं घ्यायच्या आहेत, तिला स्वतःच्या मिळकतीवर जगता यावं म्हणून. आणि हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

एवढं सलग मी निवृत्तीच्या समारंभातही बोललो नाही.

चौगुलेसरांचा चेहरा पडला. "उपाध्ये! चारचौघांत असं बोलतात का?"

"चौघंच तर आहोत, मामा," राजमती म्हणाली.

"पण धनपालला मी काय सांगू? शब्द दिलाय मी त्याला."

"सर," मी म्हणालो, "त्याला विचारा, तिच्या खोलीला बाहेरून कडी कोण घालत होतं."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग राजमतीकडं. त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग ते वळले आणि स्कूटरला किक मारायला लागले. स्कूटर सुरू होईना. आठ-दहा किका झाल्या. शेवटी मी गेलो आणि मागून ढकललं. गल्लीच्या तोंडापर्यंत ढकललं, तेव्हा कुठं ती फटफटली. सरांनी मागं न बघता हात वर केला.

मी परत आलो तेव्हा गनीभाई पडवीतल्या हत्यारांच्या पेटीत काही शोधत होते. राजमती कडेच्या खोलीच्या दारात उभी होती. त्या खोलीला पूर्वेची खिडकी होती.

"राहायची वेळ आली तर कुठली?" गनीभाईंनी तिला विचारलं. "ही?"

"ही."

त्यांनी पेचकस काढला. दाराच्या बाहेरच्या बाजूची कडी जुनी, लोखंडी, गंजलेली होती. चारही स्क्रू काढायला त्यांना अर्धा तास लागला. एकाला तर तेल घालावं लागलं. मी म्हणालो, "गनीभाई, अजून व्यवहार व्हायचाय. इसारसुद्धा दिला नाही."

"होईल की." ते चौथ्या स्क्रूशी झटत होते. "दोन्हीकडून किल्ली चालणारं कुलूप मिळतं बाजारात, बेटी. ते बसव. किल्ली तुझ्याकडं."

कडी निघाली. त्यांनी ती तिच्या हातात दिली. तिनं ती जरा वेळ धरली, आणि मागं जाऊन आडापलीकडच्या भंगारात टाकून आली.

त्या संध्याकाळी मी पहिली ओळ भरली. 'कोणासाठी: राजमती जिनदत्त उपाध्ये.' मी पेन खाली ठेवायच्या आत तिनं कार्ड ओढून घेतलं आणि तळाशी सही केली.

*

याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मी ठरवलं ते बरोबर ठरवलं का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. कधीच येत नाही. चौगुलेसर म्हणाले होते तसं गाव खरंच त्या रानापर्यंत चालत गेलं. सतरा नंबरवर आज तीन मजले आहेत, खाली बँक आहे. सर अधूनमधून सकाळी फिरताना भेटतात, आणि कोपऱ्याच्या प्लॉटला आता काय भाव चाललाय ते मला सांगतात. चिडून नाही, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. तो आकडा मी अजून घरी येऊन कागदावर मांडून बघतो. गनीभाईंच्या गल्लीला तेवढा भाव कधीच येणार नाही.

पण पहिल्या महिन्यापासून चार पैसे येत राहिले. पहिलं कुटुंब अथणीचं होतं, म्हाताऱ्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी आलेलं. त्यांनी जाताना राजमतीला अक्का म्हटलं, तेव्हापासून ती अख्ख्या गल्लीची अक्का आहे. चाराच्या आता नऊ खोल्या झाल्यात. प्रत्येक वेळी तिनं कार्ड भरलं, पहिली ओळ आधी, आणि कितीतरी जागा नाकारल्या. एकदा मी एका जागेबद्दल म्हणालो, "चांगली आहे की!" तर ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "चांगली कुणाला, अण्णा?"

मागच्या वर्षी सरांच्या पत्नीला दवाखान्यात ठेवलं. सरांचं घर आता लांब, त्या नव्या वस्तीत. येणंजाणं होईना, तेव्हा ते काठी टेकत गल्लीत आले आणि पडवीखाली उभे राहिले. आत यायला संकोचत होते. राजमतीनं त्यांना बघितलं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आली.

"मामा, खोली पाहिजे ना? किती दिवस?"

"दहाएक दिवस," सर म्हणाले. "मिळेल?"

तिनं त्यांना कडेची, पूर्वेच्या खिडकीची खोली दिली. ती खोली ती कुणाला देत नाही. सर आत जाताना दारापाशी थांबले. बाहेरच्या बाजूला, हाताच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं आहेत. दारावर आजवर तीनदा रंग झाला. रंगारी दर वेळी लांबी घेऊन ती बुजवायला जातो आणि राजमती दर वेळी त्याला थांबवते.

सरांनी त्यांतल्या एका भोकावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उपाध्ये, त्या दिवशी तुमच्या हातात होतं ते कार्ड अजून आहे का हो? मला एकदा वाचायचंय."